कार्बनच्या पाच कांड्या आणि आईचा चोंबू

रिकामा चोंबू जाळावर ठेवायचा नाही, हे आमच्या घरात मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात. आधी आत पाणी, मग खाली जाळ. उतरवताना आधी जाळ बंद, मग चोंबूला हात. मला हे पक्कं पाठ होतं. पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं कोणी समजू नये. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी ते केलं. माझ्या बहुतेक कर्तबगारीचं वर्णन एवढ्या एका वाक्यात आटोपतं.

चोंबू म्हणजे आपला चंबूच, पण कथलाचा. तमिळमध्ये कथलाला ईयम म्हणतात, म्हणून आमच्यात तो ईयाचा चोंबू. आम्ही तंजावूरकडचे मराठी; घरात मराठी, दारात तमिळ, आणि चिडलं की दोन्ही. इथले लोक ज्याला रसम म्हणतात त्याला आम्ही सार म्हणतो, आणि ते ईयाच्या चोंबूतच व्हायला हवं असा आमच्याकडे दंडक. चांदीसारखा दिसणारा पण चांदीहून मऊ, हाताला जड, आणि मेणाहून थोडाच शहाणा असा हा धातू. आत पाणी आहे तोवर जाळावर राजासारखा बसतो. पाणी आटलं की त्याचं राज्य मिनिटभरात संपतं.

आईचा चोंबू तिच्या आईचा. ती गेल्यावर तो आईकडे आला, म्हणजेच आईच्या थोरल्या भावाकडे, आमच्या मामांकडे, गेला नाही. मामा तंजावूरला शाळामास्तर होते आणि जेवतानासुद्धा पेपर तपासल्यासारखे जेवायचे. वर्षातून एकदा, शाळेला सुट्टी लागली की दोन दिवसांसाठी ते मद्रासला यायचे, रविवारी पानावर बसायचे, टंबलरमधल्या साराचा पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. आमच्या आईची चव या चोंबूत बसली आहे, कमला. तुज सांभाळणं होत नसेल तर सांग, मी घेऊन जातो. दरवर्षी हेच, शब्दही बदलायचे नाहीत. आई हसायची आणि वाढायची. हसताना तिचा जबडा जरा घट्ट व्हायचा, पण मी पंधरा वर्षांचा होतो, आणि त्या वयात आईचा जबडा ही पाहायची गोष्ट असते हे मला कुठे माहीत.

नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत तळमजल्यावर आमचं घर. सकाळ व्हायची ती हातपंपाच्या कण्हण्याने. गल्लीतल्या बायकांच्या हिरव्या, नारिंगी घागरींची रांग, पंपाचा दांडा, आणि मागच्या रुळांवरून जाणारी गाडी. या तिघांचा काहीतरी करार असावा असं एका तालात चालायचं. मग आई कॉफीच्या फिल्टरच्या झाकणावर चमच्याने टकटक करायची. त्याने डिकॉक्शन लवकर उतरतं असा तिचा विश्वास होता, आणि उतरायचंही, म्हणजे जेवढ्या वेळात उतरायचं तेवढ्या वेळात. आप्पा, म्हणजे माझे वडील, हे सगळं ऐकत वर्तमानपत्र वाचायचे. ते एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरात बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचा दोष सरकारला देत असत, ज्यामुळे माझी अनेकदा सुटका झाली आहे. साडेनऊला सार व्हायचं. चिंचेचा कोळ, हाताने कुस्करलेला टोमॅटो, वरणाचं वरचं पाणी, मिरी-जिऱ्याची भरड. चोंबूच्या गळ्यापाशी फेस चढला की आई जाळ बंद करायची. साराला उकळी येऊ द्यायची नाही, नुसता फेस. वरून तुपातली मोहरी. तो चुर्रर्र आवाज झाला की आप्पा वर्तमानपत्राची घडी घालायचे. त्यांना घड्याळाची गरजच नव्हती.

पण मी सांगायला बसलो आहे ते कार्बनच्या कांड्यांबद्दल. त्या काळी वीज जायची आणि प्रत्येक घरात टॉर्च असायचा. टॉर्चमध्ये जाडजूड सेल. सेल संपले की कोणी टाकत नसे. उन्हात ठेवले तर पुन्हा जीव धरतात अशी समजूत होती, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत चार-सहा मेलेले सेल आजाऱ्यासारखे ऊन खात पडलेले. मी दारोदार जाऊन ते मागून आणायचो. पक्कडीने वरचं टोपण उचकटायचं, खालचं डांबर खरवडायचं, जस्ताचं डबडं केळ्याच्या सालीसारखं सोलायचं, आणि आतल्या काळ्या भुकटीतून ती कांडी अलगद ओढून काढायची. बोटाएवढी, डोक्यावर पितळी टोपी. मोडली नाही तर तो दिवस सोन्याचा. ती काळी भुकटी मात्र घरभर फिरायची. नखांत, कानांत, दाराच्या कडीवर, एकदा तर आप्पांच्या पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे इकडच्या लुंगीवजा धोतरावर, पाठीमागे पाच बोटं उमटलेली, आणि आप्पा तसेच कचेरीत जाऊन आले. त्यांच्या साहेबांनी घरी सगळं ठीक आहे ना अशी चौकशी केली म्हणे.

(हल्ली रिमोटमध्ये जे अल्कलाइन सेल घालतात त्यांत कांडी नसते. मागच्या महिन्यात मी एक उघडून पाहिला. आमच्या अड्यारच्या फ्लॅटमध्ये नवी चादर अंथरलेली होती, आणि बायकोचं त्यावर जे म्हणणं पडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि माझं पाहून कोणी करू नये. जुन्या सेलमध्ये पारासुद्धा असायचा हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी ती बोटं धुऊन त्याच हाताने दहीभात खात होतो. अजून आहे, हे पाहून डॉक्टरांनाही बरं वाटतं.)

या उद्योगात माझे गुरू म्हणजे वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे कुलकर्णी अण्णा. साताऱ्याकडचे, वयाने पंचविशीचे, शहराबाहेरच्या एका मोटारीच्या कारखान्यात सुट्या भागांवर मुलामा चढवतात त्या खात्यात होते. मद्रासला आल्यावर शेजारी मराठी मिळाले म्हणून त्यांना आधी फार आनंद झाला आणि मग आमचं मराठी ऐकून त्याहून जास्त. आई त्यांना 'जेवण जाहलं कां?' विचारायची तेव्हा त्यांना आपण एखाद्या जुन्या बखरीत राहायला आलो आहोत असं वाटायचं. आमच्यात सगळ्याच पुरुषांच्या नावापुढे राव लागतो हे कळल्यापासून ते मला, हाफ चड्डीतल्या पोराला, माधवराव म्हणत. रविवारी ते आमच्याकडे जेवत. त्यांच्या मोटारसायकलची जुनी बॅटरी त्यांनी मला दिली आणि म्हणाले, आता तुम्ही जग बदलायला मोकळे, माधवराव.

जग बदलायला मी घरापासून सुरुवात केली. मिठाच्या पाण्यात दोन कांड्या, बॅटरीच्या दोन तारा, आणि एका कांडीवरून बुडबुड्यांची अशी रांग निघाली की मी तासभर नुसता पाहत बसलो. जलतरण तलावासारखा वास सुटला, मला ठसका लागला, आणि दोरीवर वाळणाऱ्या आईच्या वांगी रंगाच्या ब्लाउजवर पांढरे ठिपके आले. मग मोरचूद आणून लोखंडी किल्ल्यांवर तांबं चढवलं. सुंदर गुलाबी दिसत होत्या. कपाटाच्या किल्लीवर माझं विशेष प्रेम असल्यामुळे तिला मी दिवसभर पाण्यात ठेवलं, तर ती इतकी पुष्ट झाली की कुलपात जाईना. दुसऱ्या दिवशी आप्पा आदल्या दिवसाचाच शर्ट घालून कचेरीत गेले. साहेबांनी पुन्हा चौकशी केली.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. काही दिवसांनी कांड्या मंद व्हायच्या; बुडबुडे एखाद्या ठिकाणी यायचे, बाकी कांडी गप्प. कुलकर्णी अण्णांनी एक कांडी नखाने खरवडली, वास घेतला आणि सांगितलं की यात मेण मुरवलेलं असतं, सेल गळू नये म्हणून. वरून घासून काय होणार? कांडी उकळायची. मेण वर तरंगेल ते काढायचं, पाणी बदलायचं, पुन्हा उकळायचं, आणि मग बारीक पॉलिश पेपर. मी त्याच दिवशी दुधाच्या पातेल्यात तीन कांड्या उकळल्या. पुढचे दोन दिवस आमच्या कॉफीला मेणबत्तीचा वास येत होता. आईने मला समोर उभं करून स्वयंपाकघरातल्या भांड्यांची एकेक करून नावं घेतली, दुधाचं, भाताचं, वरणाचं, इडलीचं, आणि यांतल्या कशालाही माझ्या त्या काळ्या बोटांचा स्पर्श झाला तर बॅटरी विहिरीत जाईल असं बजावलं. यादी बरीच लांब होती. तीत चोंबूचं नाव नव्हतं. फळीवरच्या त्या वस्तूला माणसाच्या पोटी जन्मलेला कोणी या कामाला लावील, हे तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

गुरुवारी दुपारी आई अड्यारला तिच्या एका मैत्रिणीला भेटायला गेली. शनिवारी संध्याकाळी मामा येणार होते. माझ्याकडे पाच कांड्या होत्या, पाचही अखंड, आजवरच्या सर्वांत जाड. मी फळीकडे पाहिलं. चोंबूच्या उभट पोटात त्या उभ्या राहतील, हे मला इथून दिसत होतं. मी आधी पाणी ओतलं, मग जाळ लावला. नियमात कुठेही चूक नाही. पाचदहा मिनिटांत पाण्यावर मेणाचे चकचकीत ठिपके यायला लागले, आपल्या साराच्या तर्रीसारखे. मला इतका आनंद झाला की तो एकट्याला पेलेना. चिमट्याने एक कांडी उचलली, आणि अण्णा त्या दिवशी पहिल्या पाळीहून परतले होते म्हणून पळत वर गेलो, फक्त दाखवायला. अण्णा म्हणाले, लावून तर पाहू. लावली. काय सांगू, त्या कांडीवर बुडबुडे असे फुटले, वरपासून खालपर्यंत, जशी जत्राच भरली. आम्ही मीठ वाढवून पाहिलं. मग तारा उलटसुलट करून पाहिल्या. मग अण्णांनी चहा केला. तो त्यांच्या पद्धतीचा, आलं घातलेला. मी तो दोन कप प्यायलो.

मी खाली आलो तेव्हा चोंबू बसत होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. एखादा थकलेला माणूस भिंतीला टेकून हळूहळू खाली बसावा तसा त्याचा गळा कलला, पोट पुढे आलं, आणि माझ्यादेखत तो सगळाच्या सगळा चमकत शेगडीवरून वाहून गेला. थेंब फरशीवर पडून नाण्यांसारखे चपटे झाले. मी गॅस बंद केला. उतरवताना आधी जाळ बंद, मग चोंबूला हात. हात लावायला चोंबू नव्हता. चार कांड्या तेवढ्या बर्नरवर आडव्या पडल्या होत्या, आणि खरं सांगतो, इतक्या स्वच्छ कांड्या मी त्याआधी पाहिल्या नाहीत आणि त्यानंतरही नाहीत. मेणाचा अंशही राहिला नव्हता.

अण्णांना बोलावलं. त्यांना दहा मिनिटं काय झालं तेच कळेना. भांडं जाळावर ठेवलं आणि वितळलं? तुम्ही लोक बर्फाची भांडी वापरता का, माधवराव? मी रडायला लागलो तेव्हा ते थांबले. मी त्यांना आजीचं सांगितलं, मामांचं सांगितलं, दरवर्षीचं ते 'तुज सांभाळणं होत नसेल तर' सांगितलं. आईला मार देता येत नव्हता, ती फक्त गप्प बसायची. पण यंदा तिला मामांच्या समोर गप्प बसावं लागणार होतं, आणि ते माझ्यामुळे. ते मला सहन होईना. उलथन्याने आम्ही सगळं कथील खरवडलं, जुन्या कढल्यात पुन्हा वितळवून एक गोळा केला आणि वर्तमानपत्रात बांधला. बर्नरची भोकं मी सुईने एकेक मोकळी केली. तरी संध्याकाळी जाळ एका बाजूने भकभकत होता. आई म्हणाली, याला काय झालं? आप्पा म्हणाले, सरकार गॅसमध्ये पाणी घालतं. चोंबू कुठे, असं तिने विचारलं तेव्हा मामा येणार म्हणून अण्णा तो वर घासून ठेवताहेत असं मी सांगितलं, आणि दोन दिवस घरात कढी झाली.

आता कोणीही समंजस मुलगा इथे थांबला असता. मी योजना केली. माळ्यावरच्या अडगळीत पितळेचा एक चोंबू होता, साधारण त्याच मापाचा. आमच्याकडे कथील होतं, कांड्या होत्या, बॅटरी होती, आणि मुलामा खात्यातला माणूस होता. शुक्रवारी आणि शनिवारी दुपारी, गच्चीवर वाळत घातलेले सांडगे कावळ्यांपासून राखतो असं सांगून मी काम सुरू केलं. आई इतकी खूश झाली की तिने मला छत्री आणून दिली. न्हाणीघर धुवायचं ॲसिड एका प्लास्टिकच्या बादलीत, त्यात पितळेचा चोंबू एका तारेला, आणि कथलाचा गोळा दुसऱ्या. तांब्याची तार ॲसिडमध्ये बुडवली तर तीच आधी विरघळायला लागते, म्हणून गोळ्याला कांडी टेकवून बांधायची. ही युक्ती अण्णांची. अण्णा मधूनमधून येऊन मला वाऱ्याच्या बाजूला सरकवून जायचे. चोंबूवर आधी राखाडी सुया उगवल्या, मग सुयांची झाडं, मग झाडांचं रान. ते मी घासून काढायचो, पुन्हा बुडवायचो. शनिवारी चार वाजेपर्यंत त्याला असा मळकट, पिकलेला रुपेरी रंग आला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. जुन्या चोंबूला डाव्या अंगाला एक पोचा होता. तसाच मी यालाही हातोडीने पाडला. कावळ्यांनी अर्धे सांडगे खाल्ले होते.

अण्णांनी चोंबू फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कारखान्यात आलात तर उद्या तुम्हाला माझ्या जागेवर घेतील. फक्त एक करा. यात कोणी काही खायचं नाही. खाली पितळ आहे, वरून ॲसिड. चिंच पडली की सगळं उतरून पोटात जाईल."

दोन दिवस मी रंगाचा विचार केला होता, पोच्याचा केला होता, गळ्याच्या गोलाईचा केला होता. भांड्यात स्वयंपाक करतात, हे माझ्या योजनेत कुठेच नव्हतं.

रविवारी सकाळी मामा झोपाळ्यावर बसले होते. आप्पा त्यांना गॅसबद्दल सांगत होते. अण्णा नेहमीप्रमाणे जेवायला आले होते आणि माझ्याकडे पाहायचं टाळत होते. चोंबू फळीवर त्याच्या जागी होता, आणि दुरून कोणाच्या बापाला ओळखू आला नसता. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला आजही ताकाची कढी कर म्हणून सुचवलं. मग म्हटलं, टोमॅटो आंबलेले दिसतात. मग म्हटलं, माझं पोट दुखतं, साराचा वास सहन होत नाही. तिने माझ्या हातात दोन कढीपत्त्याच्या काड्या दिल्या आणि निवड म्हणाली. तिने चिंचेचा कोळ केला. टोमॅटो कुस्करला. फळीकडे हात नेला, चोंबूचा गळा धरला, आणि दुसऱ्या हाताने कोळाचं भांडं उचललं. बाहेर मामांचा आवाज येत होता, शाळेतल्या कुणा परीक्षेबद्दल. आणखी अर्धं मिनिट मी गप्प राहिलो असतो तर कदाचित मला कोणी कधीच पकडलं नसतं. मामांचं पोट बिघडलं असतं तर आप्पांनी सरकारला दोष दिला असता.

"आई, त्यात करू नको," मी म्हटलं. "तो आपला चोंबू नाही."

तिने कोळ खाली ठेवला. चोंबू हातावर तोलला, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हाताला कळलं. मी सगळं सांगितलं. कांड्या, मेण, अण्णांचा आल्याचा चहा, सुयांचं रान. शेवटी तिने हात पुढे केला. मी माळ्यावरून वर्तमानपत्राचं पुडकं काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने गोळा तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला, आणि बराच वेळ धरून उभी राहिली.

"वजन तेच आहे रे," ती म्हणाली.

मग तिने तो गोळा डाळीच्या डब्यामागे ठेवला, डोळे पदराने पुसले, आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बॅटरी विहिरीत. तिने खालचं स्टीलचं पातेलं काढलं. वरणाचं, यादीतलं तिसरं. कोळ त्यात ओतला.

"मामांचं जेवण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तुझं नव्हे, आणि वरच्या त्याचंही नव्हे. समजलं कां?"

त्या दिवशी सार झालं ते मी पाहिलं. आजवर हजारदा झालं असेल, पण पाहिलं नव्हतं. ती जाळाकडे पाहतच नव्हती. पाठ वळवून मिरी भरडत होती, आणि फेस चढायच्या अगदी आधी, कशावरून कोण जाणे, तिचा हात मागे गेला आणि जाळ कमी झाला. वासावरून असेल, आवाजावरून असेल. टोमॅटोचं साल तिने बोटांनी वेचून काढलं. कोथिंबीर काडीसकट घातली, झाकण ठेवलं, पुन्हा काढलं. तुपात मोहरी पडली. बाहेर वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला.

पानं मांडली. भाजी, डांगर, वरण, कुरडई, आणि कावळ्यांनी आमच्यासाठी ठेवलेले सांडगे. मग आतूनच भरून आणलेल्या टंबलरमध्ये सार. मामांनी टंबलर उचलला, नाकापाशी धरला, घोट घेतला आणि डोळे मिटले. अण्णांनी माझ्या पायावर पाय ठेवला. मामांनी डोळे उघडले नाहीत. दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. टंबलर रिकामा करून त्यांनी पुढे केला, आणि आईने तो घ्यायच्या आधीच बोलायला लागले. यंदाची गोष्ट काही वेगळीच, कमला. इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं. चोंबू जितका जुना होईल तितका पिकत जातो बघ, आपल्या आईची चव आता कुठे पूर्ण उतरली त्यात. चोंबू तो चोंबू. तुज सांभाळणं होत नसेल तर...

अण्णा मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "मामा, मी एवढी वर्षं आमटी पितोय, पण अशी भांड्याची चव कधी लागली नाही."

आणि आईला हसू फुटलं. आधी तिने ओठ दाबले, मग पदर तोंडाशी धरला, मग ती पळी हातात घेऊन खालीच बसली. आमच्या घरात आईला मी खूप वेळा हसताना पाहिलं आहे, पण असं नाही. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज फुटत नव्हता. आप्पांना वाटलं तिला ठसका लागला, ते पाणी आणायला उठले. मामा टंबलर हातात धरून एकेकाकडे पाहत होते. ती तशीच उठली, आत गेली, आणि एका हातात स्टीलचं पातेलं आणि दुसऱ्या हातात कथलाचा गोळा घेऊन आली. दोन्ही तिने मामांच्या पानासमोर ठेवली.

"हा चोंबू," ती म्हणाली. "गुरुवारी वितळला. आणि सार यातलं आहे."

मी माझ्या दहीभाताकडे पाहत होतो, जो अजून वाढलेलाच नव्हता. मामांनी गोळा उचलला. उलटा केला, सुलटा केला, अगदी शाळेतल्या पेपरासारखा. त्यांचा चेहरा आधी पडला. त्यांचीही ती आई होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मग त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. पातेलं साधं होतं, बुडाला करपल्याचा डाग असलेलं. त्यांनी परत माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हटलं की कांड्या मात्र एकदम स्वच्छ झाल्या. आप्पांनी कपाळाला हात लावला. मामांच्या मिशीचं एक टोक हललं, मग दुसरं.

"अठरा वर्षं जाहली, दादा," आई म्हणाली. आता ती हसत नव्हती, पण चेहरा मोकळा होता, जबड्यासकट. "सार मी करते आणि नाव चोंबूचं. मी रोज ऐकते, वर्षातून एकदा तू येऊन आणखी सांगतोस. एकदाही कोणी म्हणालं नाही, कमला, तुझं सार बरं जाहलं."

मामांनी गोळा पानाच्या कडेला हळूच ठेवला. हात पुसला. मास्तरांना उत्तर चुकलं की काय करायचं ते माहीत नसतं, विद्यार्थ्यांना असतं. त्यांनी रिकाम्या टंबलरात पाहिलं आणि मग तो तिच्यापुढे धरला. आईने पातेलं उचललं, पळी भरली, ती टंबलरच्या वर आणली आणि तिथेच थांबवली. पळीच्या कडेवरून एक थेंब पडला.

"आधी सांग," ती म्हणाली. "कोणाचं सार?"

मामांनी आप्पांकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मदत कुठूनच येणार नव्हती.

"तुझं," ते म्हणाले. "आता वाढ, निवतं आहे."